अन्नातले औषध

इसवी सन १९२८ च्या सुमारास मुंबई ही कापडगिरण्यांची नगरी होती. परळ, लालबाग, भायखळा ह्या भागांत गिरण्यांची उंच धुराडी उभी होती. पहाटे भोंगा वाजला, की हजारो स्त्रीपुरुष कामाला निघत. कोकणातून, घाटावरून आणि देशाच्या इतर भागांतून पोटासाठी आलेली ही माणसे चाळींच्या लहान लहान खोल्यांत दाटीवाटीने राहत. ह्या वस्तीतील गोरगरीब स्त्रियांना त्या काळी एक भयंकर आजार ग्रासत असे. बाळंतपण जवळ येऊ लागले, की धडधाकट दिसणारी स्त्री हळूहळू फिकट पडे. चार पायऱ्या चढताच तिला धाप लागे आणि उभे राहण्याचेही त्राण अंगात उरत नसे. कित्येकदा मूल कुशीत येण्यापूर्वीच, किंवा आल्यानंतर थोड्याच दिवसांत, ती जगाचा निरोप घेई. घरची माणसे दैवाला बोल लावीत. डॉक्टरांपाशीही खात्रीचा उपाय नव्हता.

हे कोडे सोडविण्यासाठी त्या वर्षी इंग्लंडहून एक विदुषी भारतात आली. तिचे नाव डॉ. लूसी विल्स.

लूसी विल्स ह्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड ह्या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. त्यांच्या आजोबांचा विळे, कोयते इत्यादी धारदार हत्यारे बनविण्याचा कारखाना होता. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, तर आईचे वडील डॉक्टर होते. घरात शास्त्राची आवड असल्यामुळे मुलांच्या मनात निसर्गाविषयी कुतूहल सहजच निर्माण झाले. लूसींचे एक बंधू पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी इंग्लंडमध्येही मुलींच्या उच्च शिक्षणाची वाट सोपी नव्हती. चेल्टनम येथील मुलींचे विद्यालय ह्या बाबतीत अग्रेसर होते. तेथे शिकून लूसी १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ साली त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना परीक्षेस बसू देई, मात्र पदवी देत नसे. हा अन्याय दूर होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. पुरुष विद्यार्थ्यांइतकाच अभ्यास करूनही लूसींच्या हाती पदवी पडली नाही.

त्याच वर्षी त्यांचे वडील अकाली वारले. दोन वर्षांनी थोरली बहीणही अवघ्या २६ व्या वर्षी गेली. ह्या आघातांनंतर लूसी काही काळ प्रवासात होत्या. १९१४ साली त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउन येथील एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेविका म्हणून रुग्णांची शुश्रूषा केली. पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होताच. रुग्णांच्या सहवासात त्याचे उत्तर मिळाले. त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

१९१५ च्या जानेवारीत त्यांनी लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. ह्या विद्यालयाचे भारताशी जुने नाते होते. मुंबईच्या डॉ. रखमाबाई ह्याच विद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा पुढे अनेक वर्षे वाहणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड ह्याही येथेच शिकल्या. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, लूसी विल्स डॉक्टर झाल्या. परंतु त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला नाही. रोग बरा करण्याइतकेच त्याचे मूळ शोधणे त्यांना महत्त्वाचे वाटे. म्हणून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या संशोधन करू लागल्या. गर्भवती स्त्रियांच्या शरीरात कोणते बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

इकडे भारतात बाळंतपणात मृत्यू पावणाऱ्या स्त्रियांची मोठी संख्या पाहून डॉ. मार्गारेट बाल्फर ह्यांनी ह्या मृत्यूंच्या कारणांची चौकशी हाती घेतली होती. ह्या कामी साह्य करण्यासाठी त्यांनी लूसी विल्स ह्यांना पाचारण केले. चाळिशीत पोचलेल्या लूसींनी ते आनंदाने स्वीकारले आणि परळ येथील हाफकिन संस्थेत त्या काम करू लागल्या. प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन ह्यांचे नाव ह्या संस्थेस १९२५ साली देण्यात आले होते. संस्थेच्या चहूबाजूंस गिरण्या आणि कामगारांच्या चाळी होत्या. जो रोग शोधावयाचा, तो दाराशीच होता.

हे संशोधन समजण्यासाठी रक्ताविषयी थोडी माहिती असावयास हवी. रक्ताचा तांबडा रंग त्यातील तांबड्या पेशींमुळे येतो. ह्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेतात आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचवितात. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी नष्ट होत असतात आणि हाडांच्या पोकळीतील मज्जेत नव्या पेशी तयार होत असतात. हे काम इतक्या वेगाने चालते, की दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी रक्तात येतात. एवढा मोठा कारखाना अहोरात्र चालवावयाचा, तर त्याला कच्चा मालही सतत मिळाला पाहिजे. तो माल अन्नातून येतो. तो कमी पडला, की पेशी घटतात, प्राणवायू पुरेसा पोचत नाही आणि मनुष्य फिकट व अशक्त होतो. ह्यालाच पांडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात.

लूसी विल्स ह्यांनी आजारी स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासले, तेव्हा त्यात एक विशेष गोष्ट दिसली. तांबड्या पेशींची संख्या फार घटली होती. पण ज्या उरल्या होत्या, त्यांतील पुष्कळ पेशी नेहमीपेक्षा आकाराने मोठ्या होत्या. शरीरात लोह कमी पडले, तर पेशी लहान होतात. येथे उलटाच प्रकार होता. तेव्हा ह्या रोगाचे कारण केवळ लोहाची उणीव हे नव्हे, हे उघड झाले.

मग कारण कोणते? एखादे रोगजंतू असतील काय? गिरणगावातील दाटीवाटीच्या वस्तीत ही शंका येणे साहजिक होते. लूसींनी त्या दिशेने कसून तपास केला. परंतु ह्या रोगाला कारण ठरेल असा एकही जंतू सापडला नाही. तेव्हा त्यांनी आपला मोर्चा प्रयोगशाळेतून स्वयंपाकघराकडे वळविला. कोणत्या स्त्रिया आजारी पडतात आणि त्या काय जेवतात, ह्याची त्यांनी पद्धतशीर चौकशी आरंभिली. निरनिराळ्या थरांतील आणि निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या आहाराची माहिती मिळविण्यात आली. ह्या कामी भारतीय साहाय्यकांची त्यांना मोलाची मदत झाली.

ह्या चौकशीतून एक सूत्र हाती आले. ज्यांच्या घरी ताज्या भाज्या, फळे आणि दूध बऱ्यापैकी येत असे, अशा स्त्रियांत हा रोग क्वचित आढळे. ज्यांचे ताट सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच तो सर्वांत अधिक होता. ह्या गरीब स्त्रियांचे पोट धान्यावर भरे, पण भाजीपाला आणि फळे त्यांना क्वचितच मिळत. एरवी अशा अन्नावर शरीर कसेबसे तग धरी. परंतु गर्भाचे पोषण करण्याची वेळ आली, की शरीराची गरज वाढे आणि उणीव उघडी पडे. भुकेलेल्या पोटाइतकीच ही लपलेली भूकही घातक होती.

तथापि एवढ्याने शास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. गरिबीबरोबर इतर अनेक गोष्टी येतात. मग दोष अन्नाचाच, हे सिद्ध कसे करावयाचे? १९२९ साली लूसी विल्स काही महिने निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे गेल्या. तेथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन हे आहार आणि आरोग्य ह्यांच्या संबंधावर संशोधन करीत होते. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखे अन्न लूसींनी पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना दिले. त्या माद्यांना रक्तक्षय झाला आणि पिल्ले होण्यापूर्वीच त्या मरण पावल्या. ज्यांच्या अन्नात यीस्ट मिसळले होते, त्यांचा मात्र बचाव झाला. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्यासाठी वापरतात ते सूक्ष्म किण्व होय. त्यात ब वर्गातील जीवनसत्त्वे भरपूर असतात.

ह्याच सुमारास दुसऱ्या एका शोधाने वैद्यकीय जग भारावून गेले होते. अमेरिकेतील बॉस्टन शहरी मायनट आणि मर्फी ह्या डॉक्टरांनी १९२६ साली दाखवून दिले होते, की रोज भरपूर यकृत खावयास दिल्यास एका प्राणघातक पांडुरोगाचे रुग्ण वाचतात. तोवर त्या रोगातून कोणी बरे होत नसे. पुढे यकृताचा शुद्ध केलेला अर्क औषध म्हणून मिळू लागला. मुंबईच्या स्त्रियांच्या रक्तातील मोठ्या पेशी हुबेहूब त्याच रोगातल्यासारख्या दिसत. तेव्हा दोन्ही रोग एकच असावेत आणि त्यांवर एकच औषध चालावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु प्रत्यक्षात तो शुद्ध अर्क ह्या स्त्रियांना लागू पडत नव्हता. लूसी विल्स ह्यांनी हे अपयश दृष्टीआड केले नाही. दिसण्यात सारखे असले, तरी हे दोन रोग वेगळे आहेत आणि ह्या रोगात शरीराला हवे असलेले द्रव्यही वेगळेच आहे, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. न शुद्ध केलेल्या यकृतात ते असते, परंतु शुद्ध करताना निघून जाते, असे त्यांना दिसून आले.

हे द्रव्य स्त्रियांना कसे द्यावयाचे? ज्या घरी भाजीला पैसे नाहीत, तेथे महाग औषध काय कामाचे? उपाय सापडला, तरी तो गरिबाच्या आवाक्यातला हवा होता. उंदरांच्या प्रयोगात यीस्टचा गुण दिसलाच होता. इंग्लंडमध्ये यीस्टच्या अर्कापासून बनविलेला मार्माइट नावाचा एक पदार्थ मिळे. तो गडद तपकिरी, दाट आणि खारट असून लोक तो पावाला लावून खात. तो स्वस्त होता. मुंबईस परतल्यावर लूसींनी तो आजारी स्त्रियांना देण्यास आरंभ केला आणि रोज त्यांचे रक्त तपासून नोंदी ठेवल्या.

परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागला. रक्तात नव्या तांबड्या पेशी झपाट्याने वाढू लागल्या. फिकट चेहऱ्यांवर रंग चढला, अन्नावर वासना आली आणि ज्यांच्या जगण्याची आशा सुटली होती, अशा स्त्रिया बऱ्या होऊन आपली मुले कडेवर घेऊन घरी जाऊ लागल्या. १९३१ साली लूसी विल्स ह्यांनी हे निष्कर्ष ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये असलेले हे गुणकारी द्रव्य कोणते, हे अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञ त्याला विल्स ह्यांच्या नावाने ओळखू लागले.

खऱ्या संशोधकाची कसोटी यशानंतरच लागते. उंदरांवरील प्रयोगांत एक दोष राहिल्याचे दिसून आले. त्या उंदरांना उवांपासून एक संसर्ग झाला होता आणि त्यानेही रक्तक्षय होऊ शकत होता. तेव्हा त्या प्रयोगांवर विसंबून चालणार नव्हते. रुग्ण तर बरे होत होते. मग ह्या जुन्या प्रयोगांकडे काणाडोळा करता आला असता. लूसी विल्स ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन नव्याने प्रयोग मांडले. माकडांनाही मोठ्या पेशींचा तोच रक्तक्षय झाला आणि यीस्टने तो बरा झाला. आता शंकेला जागा उरली नाही.

१९३३ साली त्या लंडनला परतल्या, तरी मुंबई त्यांच्या मनातून गेली नाही. १९३७ च्या नोव्हेंबरात त्या पुन्हा काही आठवडे हाफकिन संस्थेत येऊन काम करून गेल्या. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. लंडनवर बाँब पडत असतानाही त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयातील आपले काम सोडले नाही. १९४४ च्या जुलैत रुग्णालयावरच एक उडता बाँब कोसळला आणि प्राणहानी झाली. त्यामुळे प्रयोगशाळेचे काम खंडित झाले. पण ते थोडे दिवसच. ह्याच रुग्णालयात रक्ताच्या रोगांसाठी पहिला स्वतंत्र विभाग त्यांनी सुरू केला.

दरम्यान त्या अनामिक द्रव्याचा माग अनेक देशांत घेतला जात होता. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात, म्हणून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश आले. ते काम ज्या संस्थेत झाले, तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख भारताचे सुपुत्र होते. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव. मुंबईच्या स्त्रियांना यीस्टमधून मिळालेले जीवनदायी द्रव्य हेच, हे पुढे स्पष्ट झाले. बॉस्टनच्या रुग्णांना यकृतातून मिळणारे द्रव्यही १९४८ साली हाती आले. ते ब-१२ जीवनसत्त्व होते. दोन रोग वेगळे आहेत, हा लूसी विल्स ह्यांचा तर्क अशा रीतीने खरा ठरला.

मोठ्या पेशींचे रहस्यही उलगडले. एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्या केंद्रातील द्रव्य दुप्पट व्हावे लागते. त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते कमी पडले, तर पेशी आकाराने वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून पेशी मोठ्या, परंतु संख्येने थोड्या असे होते. पालेभाज्या, कडधान्ये, डाळी, शेंगदाणे, संत्री आणि यकृत ह्यांत हे द्रव्य चांगल्या प्रमाणात असते. पण भाजी फार वेळ शिजविली आणि तिचे पाणी फेकून दिले, तर त्याचा बराच भाग वाया जातो.

१९४७ साली निवृत्त झाल्यावरही लूसी विल्स स्वस्थ बसल्या नाहीत. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरच्या देशांत जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय ह्यांचा अभ्यास चालू ठेवला. त्यांनी विवाह केला नाही. राहणी साधी होती. मोटार न वापरता त्या सायकलवरून कामावर जात. डोंगर चढण्याची त्यांना हौस होती. स्वभाव विनोदी असला, तरी डामडौल त्यांना मुळीच खपत नसे. आयुष्याच्या शेवटच्या दशकात लंडनमधील चेल्सी भागाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी लोकांची सेवा केली. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांचे कार्य वाढतच गेले. भारत सरकारने १९७० साली गर्भवती स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्ल ह्यांच्या गोळ्या देण्याची योजना सुरू केली. गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मेंदूचे आणि कण्याचे काही गंभीर जन्मदोष पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. आज जगभर गर्भवतींना हे औषध दिले जाते आणि अनेक देशांत ते पिठातही मिसळले जाते.

असे असले, तरी काम संपलेले नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुष्कळ घरांत आजही सर्वांना वाढून झाल्यावर जे उरेल, ते आईच्या वाट्याला येते. परळच्या प्रयोगशाळेत लूसी विल्स ह्यांनी जे सिद्ध केले, ते अशा प्रत्येक घराला लागू आहे. आईच्या ताटात मूठभर पालेभाजी आणि वाटीभर डाळ रोज पडली पाहिजे. ज्या गिरणगावातील स्त्रियांच्या रक्ताच्या थेंबांतून हे ज्ञान मिळाले, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. जगातील असंख्य माता आणि बालके मात्र त्यांची आणि डॉ. लूसी विल्स ह्यांची ऋणी आहेत.